देवळातल्या आरतीला दिलेली मुभा मैदानावरच्या सामन्यालाही द्या

प्रति,
मा. सचिव,
माहिती व प्रसारण मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : स्थानिक क्रीडा स्पर्धांचे थेट चित्रण एकाहून अधिक केबल जाळ्यांवर दाखविण्यास परवानगी मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय/महोदया,

लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी आणि दादर या भागांत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून करोनानंतरच्या वर्षांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, केबलवर एक क्रीडा वाहिनी चालत होती. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, कॅरम, शालेय क्रिकेट आणि पावसाळ्यातली कांगा क्रिकेट लीग असे सगळे तिच्यावर मराठी समालोचनासह दिसत असे. या वाहिनीत मी आधी गुणलेखक होतो आणि पुढे समालोचक झालो. वाहिनी आता बंद आहे. तिच्याशी ज्यांचे व्यवहार झाले त्यांच्यापैकी कोणाविरुद्ध तक्रार करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, म्हणून वाहिनीचे किंवा कोणत्याही केबल कंपनीचे नाव यात घेतलेले नाही. पत्र मराठीत आहे, कारण ज्यांच्यासाठी ती वाहिनी होती त्यांनीही ते वाचावे आणि मी काही चुकीचे लिहिले असेल तर मला सांगावे, अशी माझी इच्छा आहे.

माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगतो. मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एमएसओंच्या, म्हणजे केबलच्या मोठ्या वितरकांच्या, ‘प्लॅटफॉर्म सेवां’साठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. उपग्रहावरून न येता वितरक आपल्याच ग्राहकांसाठी ज्या स्थानिक वाहिन्या चालवतो, त्यांना हे नाव आहे. या तत्त्वांनुसार अशा वाहिनीवरचा कार्यक्रम त्या एका जाळ्यापुरताच असला पाहिजे; तो प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे दुसऱ्या वितरकाला देता येत नाही. याला एक अपवाद ठेवलेला आहे. मंदिरे, गुरुद्वारे अशा धार्मिक स्थळांवरून होणारे थेट चित्रण वितरकांना एकमेकांना देता येते. हा अपवाद मला मनापासून योग्य वाटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सिद्धिविनायकाची आरती पाहायची असेल, तर आपल्या इमारतीत कोणत्या कंपनीची वायर आली आहे, याचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. माझी विनंती अशी की, जिल्हा क्रीडा संघटनांच्या मान्यतेने होणाऱ्या स्थानिक स्पर्धांच्या थेट चित्रणालाही हाच अपवाद लागू करावा. सिद्धिविनायकाचे मंदिर प्रभादेवीत आहे आणि मुंबईच्या कबड्डीने जिथे बाळसे धरले ती मैदानेही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आज त्या मंदिरातली आरती एका जाळ्यावरून दुसऱ्या जाळ्यावर जाऊ शकते. शेजारच्या मैदानावरचा अंतिम सामना जाऊ शकत नाही.

ही अट आमच्यासारख्या वाहिनीच्या जिवावर का उठते, हे समजण्यासाठी ती वाहिनी कशी उभी राहिली ते सांगितले पाहिजे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९ धावा आजही शाळकरी मुलांना पाठ असतात. पण त्या खेळीची चित्रफीत कोणाकडेही नाही. क्रिकेटची पंढरी म्हणवणाऱ्या शहरात, ऐन फोर्टमध्ये, दिवसाउजेडी घडलेली ही गोष्ट आपल्याकडे आकड्यांतच उरली आहे. लालबागच्या ज्या केबलचालकाने आमची वाहिनी सुरू केली, त्याला हे शल्य फार होते. त्याचा जोडीदार कबड्डीचा पंच होता आणि त्याचे म्हणणे असे की, क्रिकेटचे निदान आकडे तरी राहतात, आमच्या चढाईचे तर काहीच राहत नाही.

त्या काळी प्रत्येक केबलचालकाची स्वतःची कंट्रोल रूम असे. आमची कंट्रोल रूम एका चाळीच्या जिन्याखाली होती. तिथे दोन व्हीसीआर, चित्र केबलच्या वायरीत सोडणारा एक मॉड्युलेटर आणि एक टेबलफॅन होता. तो फॅन माणसांसाठी नसून यंत्रांसाठी असे. रात्री चित्रपट लावायच्या त्या वाहिनीवर आम्ही आठवड्यातून दोन दिवस सामने दाखवू लागलो. सुरुवातीला थेट प्रक्षेपण नव्हतेच. मैदानावर सामना संपला की रात्री त्याच्या प्रती निघत आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगा स्कूटरवरून त्या कॅसेट आजूबाजूच्या आठ-नऊ केबलचालकांकडे पोचवीत असे. प्रत्येकाने रात्री नऊला कॅसेट लावायची, असे ठरलेले असे. घड्याळे थोडी मागेपुढे असत. त्यामुळे एका चाळीत जी पकड आता व्हायची होती, ती पलीकडच्या चाळीत आधीच होऊन गेलेली असे. पलीकडून ओरडा ऐकू आला की आपल्याकडे काय होणार ते कळे आणि तरीही लोक श्वास रोखून बघत. पुढे एकेका केबलचालकापर्यंत आम्ही वायर नेली आणि मोठ्या स्पर्धा थेट दाखवू लागलो.

हा तपशील मी आठवणींच्या ओढीने लिहीत नाही. आमच्या वाहिनीचा पायाच मुळी वाटून घेण्यावर होता. केबलचा धंदा गल्लीगल्लीत विभागलेला होता. एका बाजूच्या चाळीत एकाची वायर, समोरच्या इमारतीत दुसऱ्याची. कबड्डीचा संघ मात्र गल्लीचा नसतो. चढाईपटू नायगावचा, डावा कोपरारक्षक वडाळ्याचा, प्रशिक्षक प्रभादेवीचा आणि संघाला नोकरी देणारी बँक फोर्टातली, असा तो पसरलेला असतो. सामना सगळ्या वायरींवर गेला तरच तो त्या संघाच्या माणसांपर्यंत पोचे आणि तेव्हाच मिठाईवाला, सायकलवाला, पतपेढी यांच्या जाहिराती मिळत.

त्या जाहिरातींवर चौदा माणसांचा पगार निघाला. फार नव्हता, पण वेळेवर निघाला.

कांगा लीगचे चित्रण हा आमच्या कामातला सर्वांत कठीण भाग होता. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते, कारण ओल्या खेळपट्टीवर आणि वाढलेल्या गवतात फलंदाजाचा कस लागतो. कॅमेऱ्याचाही लागतो. क्लबच्या तंबूत टेबलावर टेबल ठेवून आमचा कॅमेरामन बसे. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, भिंगावर दर दोन षटकांनी फिरवायला सुती रुमाल, आणि सर आली की खेळाडूंच्या आधी कॅमेरा उचलून आत पळायचे. या सामन्यांना जाहिराती कमी मिळत. तरीही आम्ही ते सोडले नाहीत, कारण मुंबईचा फलंदाज आडव्या पावसात कसा तयार होतो, हे दाखवणारे दुसरे कोणी नव्हते.

आता एक प्रसंग सांगतो. प्रभादेवीत महिला गटाचा अंतिम सामना होता. कॅमेरा शेजारच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, एका आजीबाईंच्या दोरीवरचे कपडे बाजूला सारून लावलेला. सामना बरोबरीत सुटला आणि पाच-पाच चढायांचा डाव सुरू झाला. या डावात निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने ओलांडायचीच असते ती रेषा, हीच बोनस गुणाची रेषा धरली जाते, हे मी प्रेक्षकांना समजावून सांगत होतो. शेवटची चढाई नायगावच्या एका मुलीची होती. तिने निदान रेषा पार केली, मागे वळली आणि उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. अंग पूर्ण लांबवून, दोन बोटे मध्यरेषेला लावण्यासाठी ती मातीत सरपटत गेली. पंचाने खाली वाकून पाहिले आणि हात वर केला. तिचा संघ एका गुणाने जिंकला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या कंट्रोल रूमवर आली. परळला त्यांची खाणावळ होती. सामने संध्याकाळी आणि खाणावळीची गर्दीही संध्याकाळी, त्यामुळे मुलगी सहा वर्षे खेळत असूनही आईने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. आदल्या रात्री पोळ्या लाटता लाटता त्यांनी पहिल्यांदा मुलीला खेळताना पाहिले. सामना जिंकल्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. “दादा, त्या पोरीनं पाय धरला तेव्हा हिला लागलं का हो? घरी विचारलं तर सांगत नाही,” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही त्यांना ती चढाई पुन्हा लावून दाखवली, तीनदा.

त्या मुलीला पुढे एका कार्यालयाच्या संघात नोकरी मिळाली. निवड करणाऱ्यांनी आमच्याकडून दोन सामन्यांच्या कॅसेट मागवून घेतल्या होत्या. कबड्डीत स्थानिक गटातून व्यावसायिक गटात जाणे म्हणजे चाळीतल्या घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार येणे असते, आणि बँका, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांच्या संघांचे प्रशिक्षक प्रत्येक मैदानावर हजर राहू शकत नाहीत. आमच्या चित्रणाचा हा उपयोग आम्हालाही नंतरच लक्षात आला.

वाहिनी एका दिवसात बंद पडली नाही. तिला तीन धक्के बसले आणि त्यांतले पहिले दोन कोणाच्या वाईट हेतूने बसलेले नव्हते. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईतल्या केबलचे डिजिटायझेशन पूर्ण करण्याची मुदत संपली. ग्राहकाला स्वच्छ चित्र आणि सरकारला स्वच्छ हिशेब मिळावा, हा त्यामागचा उद्देश रास्तच होता. पण त्या दिवसापासून सगळा सिग्नल वितरकाच्या हेडएंडवरून, म्हणजे मुख्य प्रक्षेपण केंद्रावरून, बंदिस्त होऊन येऊ लागला आणि आपल्या कंट्रोल रूममधून त्यात एक वाहिनी मिसळण्याची सोय स्थानिक केबलचालकाच्या हाती राहिली नाही. जिन्याखालची आमची खोली एका आठवड्यात निरुपयोगी झाली. मग आम्ही वितरकांच्या दारात गेलो. एकाने आम्हाला जागा दिली, दुसऱ्याने वर्षभराने दिली, आणि मागितलेली रक्कम भरताना चौदा माणसांची नऊ झाली. वाहिनीचा क्रमांक वरचेवर बदलत असे. आमच्या समालोचनात मी सामन्याच्या गुणांइतक्याच वेळा आमचा नवा क्रमांक सांगितलेला आहे.

दुसरा धक्का फेब्रुवारी २०१९ मध्ये बसला. ग्राहकाने १३० रुपये आणि कर भरून शंभर वाहिन्या घ्याव्यात आणि बाकीच्या स्वतः निवडाव्यात, अशी नवी पद्धत आली. घरोघरी त्या यादीचा गोंधळ किती झाला, हे सर्वांना आठवत असेल. त्या गोंधळात स्थानिक वाहिनी निवडायला कोणाला सुचणार? पुढच्या वर्षी टाळेबंदी झाली, मैदाने ओस पडली आणि दाखवायला सामनेच उरले नाहीत.

या सगळ्यातून आम्ही तग धरून होतो. २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे येणार असे कळले, तेव्हा तर आम्हाला आनंद झाला होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने याबाबतच्या शिफारशी २०१४ मध्येच केल्या होत्या. आठ वर्षे आमचे काम कोणत्या नियमाखाली चालले आहे, हे कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते. आता प्रत्येक वाहिनीसाठी एक हजार रुपये नोंदणी शुल्क, स्थानिक भाषा व संस्कृतीचा विचार करून राज्यपातळीवर ठरविलेली मर्यादा, जिल्ह्यासाठी दोन वाहिन्यांची वेगळी तरतूद, हे सारे वाचताना कोणीतरी आमचाच विचार करून लिहिले आहे असे वाटले. आणि मग तिसरा धक्का बसला, ती अट आली. दोन वितरकांच्या जाळ्यांवर एकच सामना दाखवता येणार नाही. एक निवडा. ज्याची निवड करू त्याच्या ग्राहकांना नायगावचा चढाईपटू दिसेल, त्याच्या मामाला दिसणार नाही, कारण मामा रस्त्याच्या पलीकडे राहतो. निम्मे प्रेक्षक गेल्यावर जाहिरातदारही गेले. काही महिन्यांत आम्ही कॅमेरे विकले.

या अटीमागचे कारण मला समजते. प्लॅटफॉर्म सेवा सगळ्या जाळ्यांवर फिरू लागली, तर ती परवानगी न घेता चालणारी उपग्रह वाहिनीच होईल आणि रीतसर परवानगी घेणाऱ्यांवर तो अन्याय ठरेल. हे म्हणणे खरे आहे. पण बातम्यांखेरीज इतर प्रकारच्या उपग्रह वाहिनीच्या परवानगीसाठी कंपनीचे निव्वळ मूल्य पाच कोटी रुपये असावे लागते. कबड्डीच्या मैदानावर माती टाकण्यासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांची वाहिनी ही अट कोणत्या जन्मी पूर्ण करणार? एका वितरकापुरते मर्यादित राहणे आणि पाच कोटी उभे करणे, यांच्यामधली पायरीच नियमांत नाही. धार्मिक स्थळांसाठी मात्र ती ठेवलेली आहे, म्हणजे अशी पायरी घालता येते, हे मंत्रालयानेच मान्य केलेले आहे.

मी सुचवितो ती सूट मोकळी नाही. ती जिल्ह्यापुरती असावी आणि मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे एक धरावेत, कारण दोघांचे खेळाडू रोज एकाच लोकलने सरावाला जातात. स्पर्धेला जिल्हा संघटनेची लेखी मान्यता असावी. सामना थेट दाखवावा आणि पुनर्प्रक्षेपणाला सात दिवसांची मुदत असावी, म्हणजे रात्रपाळी करणाऱ्यालाही तो पाहता येईल. चर्चा, मुलाखती, चित्रपट यांतले काहीही या सवलतीत येऊ नये. तीन वर्षे हे करून पाहावे आणि गैरवापर दिसला तर सवलत काढून घ्यावी.

हे सामने यूट्यूबवर टाका, केबल हवी कशाला, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. टाकतातच. टेनिस चेंडूच्या क्रिकेटला त्या माध्यमाचा चांगला उपयोग झाला आहे आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण गर्दीच्या मैदानावर हजारभर फोन एकदम चालू झाले की चित्र अडकते. मध्यंतरात ध्वनिक्षेपकावर चित्रपटाचे गाणे वाजले की हक्काच्या दाव्यामुळे सामन्याचा आवाजच बंद होतो. आणि घरातला एकुलता चांगला फोन संध्याकाळी मुलाच्या क्लाससाठी लागतो. खाणावळीतल्या त्या बाईंनी पोळ्या लाटताना भिंतीवरच्या पेटीकडे पाहिले होते. पिठाने भरलेल्या हातांनी त्या फोन शोधत बसल्या नसत्या.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी याच शहरात, वरळीला सुरू झाली. तिने कबड्डी देशभर नेली आणि आमच्या मुलांना स्वप्न दिले, ही मोठीच गोष्ट आहे. पण लीगमधला खेळाडू लीगमध्ये जन्माला येत नाही. तो आधी कुमार गटात खेळतो, मग ब गटात, मग अ गटात, आणि त्या पाच-सहा वर्षांत त्याला कोणी पाहत नाही. आम्ही पाहत होतो आणि दाखवतही होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी मुले पुरलेल्या मल्लखांबावर चढताना पाहायला लोक गर्दीने आले. त्याच मैदानाच्या कडेला रोज संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या शेजाऱ्यांनी कधी टीव्हीवर पाहिले असेल, तर बहुधा आमच्याकडेच.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरूनच झालेल्या खटल्यात, प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असा निकाल दिला. मी कायदा शिकलेला नाही. परंतु त्या निकालातून प्रेक्षकाचा जो अधिकार मला समजतो, तो ईडन गार्डन्सवरच्या सामन्यापुरता नसून नायगावच्या मैदानावरच्या सामन्यालाही लागू असावा, असे मला वाटते.

आमच्या साडेसहाशेच्या आसपास कॅसेट एका लोखंडी कपाटात आहेत. मुंबईच्या हवेत त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. दर पावसाळ्यानंतर आम्ही तिघे जण त्या हाताने फिरवून, पुसून, पुन्हा भरून ठेवतो. मंत्रालयातून कोणी पाहायला येणार असेल, तर प्रभादेवीच्या त्या अंतिम सामन्याची कॅसेट अजून चालते. कबड्डीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मंडळे त्याआधी महिनाभर वर्गणीला बाहेर पडतात. त्यांच्या पावतीपुस्तकावर ‘सामने केबलवर थेट दिसतील’ ही ओळ पुन्हा छापता येईल की नाही, हे त्यांना तेव्हा कळले तर बरे होईल. म्हणून या विनंतीवरचा निर्णय, तो कोणताही असो, दसऱ्यापूर्वी कळवावा.

आपला नम्र,
एका बंद पडलेल्या क्रीडा वाहिनीचा समालोचक
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई